भिंतीचं काय झालं?

अमेरिकेत टेक्ससच्या किनाऱ्यालगत गॅल्व्हेस्टन नावाचे एक चिंचोळे बेट आहे. लांबी सुमारे २७ मैल, रुंदी जेमतेम तीन मैल. १९०० साली तिथल्या शहरात शिरगणतीप्रमाणे ३७,७८९ माणसे राहत होती आणि आपण सुखाच्या जागी राहतो याबद्दल त्यांतल्या बहुतेकांच्या मनात शंका नव्हती. बंदरातून कापसाच्या गाठी युरोपला जात. स्ट्रँड नावाच्या रस्त्यावर बँका आणि अडत्यांच्या पेढ्यांची रांग होती. दुसऱ्या अंगाला, मेक्सिकोच्या आखाताकडे, मऊ वाळूचा लांबच लांब किनारा. उन्हाळ्यात आगगाड्या भरून पाहुणे येत. विजेची ट्राम त्यांना थेट लाटांपर्यंत नेई; एका टप्प्यात तर तिचे रूळ पाण्यावर उभारलेल्या लाकडी पुलावरून जात. मर्डॉक आणि पॅगोडा ही भलीथोरली स्नानगृहे खांबांवर उभी राहून समुद्रात शिरलेली होती. पाहुण्यांनी तिथे कपडे बदलावेत, लाटांत डुंबावे, संध्याकाळी वारा खात बसावे. अंगणाअंगणांत कण्हेर फुललेली असे. १८४१मध्ये जमैकाहून ती पहिल्यांदा इथे आली आणि इतकी रुजली की लोक याला कण्हेरीचे शहर म्हणू लागले.

या सगळ्या वैभवातली सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून नऊ फूटही नव्हती.

ही गोष्ट तिथल्या एका सुताराच्या घराची आहे. सुतार, त्याची आई, बायको आणि लेक ही माणसे मी रचली आहेत. शहरावर जे आले आणि शहराने जे केले, ते घडलेले आहे.

सुताराची आई जर्मनीहून लहानपणी आईबापांबरोबर आली होती, इंडियानोला बंदरावर उतरून. इंडियानोला म्हणजे त्याच किनाऱ्यावरचे, गॅल्व्हेस्टनशी स्पर्धा करणारे गाव. तिथेच तिचे लग्न झाले, तिथेच मुलगा झाला. सप्टेंबर १८७५मध्ये वादळाने समुद्र गावात आणला. शेकडो माणसे गेली, त्यांत तिचा नवरा. तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन ती गॅल्व्हेस्टनला आली, कारण इथे काम होते. मागे राहिलेल्यांनी इंडियानोला पुन्हा उभारले. अकरा वर्षांनी, ऑगस्ट १८८६मध्ये, दुसरे वादळ आले आणि त्याच दिवशी आगही लागली. त्यानंतर लोकांनी गावाचा नाद सोडला.

ही बातमी गॅल्व्हेस्टनला पोहोचली तेव्हा इथली बडी मंडळी खरोखर हादरली. समुद्राच्या बाजूने भिंत बांधायची असे त्यांनी ठरवले. त्या दिवशी म्हातारीने कण्हेरीची फुले आणून देवाच्या तसबिरीपाशी ठेवली. पण दोन-तीन महिने गेले, कापसाचा हंगाम आला, बोटी भरू लागल्या, आणि भिंतीचा विषय मागे पडला तो पडलाच. कुणी विरोध केला नाही. विरोध झाला असता तर निदान वाद तरी झाला असता.

म्हातारी दर वर्षी ऑगस्ट संपता संपता मुलाला विचारी, "भिंतीचं काय झालं रे?"

मुलगा हसून म्हणे, "होईल, आई."

तो चांगला सुतार होता. स्नानगृहांचे खांब, जिने, कठडे त्याच्या हातचे. भिंतीबद्दल एकदा त्याने कामावर विषय काढला तर मालक म्हणाला, "पाहुणे समुद्र बघायला येतात मिस्त्री, भिंत बघायला नाही." सुताराला ते पटले. पटण्याला आणखीही एक कारण होते. इंडियानोलाची ती रात्र त्यालाही आठवत होती. छपरावर बापाचा हात सुटला तो क्षण आठवत होता. पण इथे त्याने घर बांधले होते, लग्न केले होते, मुलगी झाली होती. माणूस जिथे सुखी असतो तिथल्या धोक्याकडे बघायला त्याचे डोळे तयार होत नाहीत. यात मूर्खपणा नाही. मी तर म्हणेन, हे सुखाचेच भाडे आहे, फक्त ते एकदम मागितले जाते.

जुलै १८९१मध्ये सरकारी हवामान खात्याचे तिथले प्रमुख आयझॅक क्लाइन यांचा लेख गावच्या वर्तमानपत्रात आला. मोठ्या वादळाने गॅल्व्हेस्टनचे भारी नुकसान होईल ही समजूत त्यांनी खुळचट ठरवली होती. त्यांचा युक्तिवाद असा, की किनाऱ्यावरचा मुख्य भूभाग बेटाहूनही सखल आहे, तेव्हा पाणी तिकडे पसरेल आणि शहर वाचेल. सुताराने आईला लेख वाचून दाखवला. तिने सगळा ऐकून घेतला.

"शिकलेला माणूस आहे ना?"

"डॉक्टर आहे, आई. वैद्यकी शिकलाय, हवामानही शिकलाय."

"मग त्याला विचार, इंडियानोला कुठं आहे."

सुताराने वर्तमानपत्राची घडी घातली. तो बोलला नाही, पण त्या दिवसापासून त्याने आईचा प्रश्न मनावर घेणे सोडून दिले. शिकलेल्या माणसाने सांगितले होते.

याच काळात गावात आणखी एक काम चाले, आणि ते मला भिंत न बांधण्याहून जास्त खुपते. किनाऱ्यालगत वाळूच्या टेकड्या होत्या. समुद्र आणि घरे यांच्यामध्ये निसर्गाने ठेवलेला आडोसा तेवढाच. शहरातल्या सखल जागा भरून काढायला लोक त्याच टेकड्या खणून नेत. सुताराकडे गाडी होती, घोडा होता. काम नसेल तेव्हा तोही वाळू वाही. भाव बरा मिळे. त्या पैशांतून त्याने पुढच्या खोलीला पाइनच्या नव्या फळ्यांची जमीन केली, बायकोने परसात गुलाब लावले, लेकीला बूट आले. म्हातारीने नव्या जमिनीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "छान झालीये."

८ सप्टेंबर १९००, शनिवार.

वादळ क्यूबावरून येत होते. हवानातल्या जाणकारांची वादळांचा माग काढण्याची दीर्घ परंपरा होती आणि हे आखातात शिरेल असे त्यांना वाटत होते. वॉशिंग्टनच्या हवामान खात्याला मात्र ते फ्लोरिडाकडून उत्तरेला वळेल अशी खात्री. क्यूबाच्या निरीक्षकांनी उगाच घबराट पसरवू नये म्हणून त्यांना सरकारी तारांवरून वादळाचे संदेश पाठवायला आदल्याच महिन्यात मनाई झाली होती. ज्याला जास्त कळते त्याचेच तोंड बंद करण्याइतकी बडेजावाची मजल गेली, आणि त्याची किंमत त्या बंदीवर सही करणाऱ्यांनी मोजली नाही.

सकाळी सखल गल्ल्यांत पाणी आले. मुलांना मजा वाटली. ती पाण्यात उड्या मारू लागली, सुताराची सात वर्षांची लेकही त्यांत. लोक ट्रामने किनाऱ्यावर गेले, कारण लाटा बघण्याजोग्या होत्या. सुतारही गेला. मर्डॉकचे जिने त्याने बांधलेले. ते टिकतात का हे त्याला पाहायचे होते. वारा उत्तरेचा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा. अशा वाऱ्यात पाणी मागे हटायला हवे. ते चढत होते. जिने तुटले, मग कठडे, मग आख्ख्या भिंती. लोक ओरडत, टाळ्या वाजवत पाहत होते. मग हळूहळू टाळ्या थांबल्या.

गुडघाभर पाण्यातून तो घरी आला तेव्हा आई पुढच्या खोलीत कुऱ्हाडीने जमीन फोडत होती.

"आई! काय करतेयस हे?"

"पाण्याला आत येऊ दे," ती धापा टाकत म्हणाली. "आत आलं की घर जागेवर बसेल. बाहेर अडवलंस तर उचलून नेईल. तुझ्या बापानं दारं लावून घेतली होती."

पंचवीस वर्षांत तिने हे कधी सांगितले नव्हते. त्याने तिच्या हातातून कुऱ्हाड घेतली, आणि स्वतःच बसवलेल्या फळ्या स्वतः फोडल्या.

"ती कुठाय?" त्याने मधेच विचारले.

बायको दुपारी बहिणीला आणायला गेली होती. बहिणीचे घर समुद्राच्या बाजूला, चार गल्ल्या पुढे. दारापुढे तोवर छातीभर पाणी झाले होते. तो दोनदा उतरला, दोनदा परत फेकला गेला. दुसऱ्या खेपेला शेजारच्या छपराची पाटीच्या दगडाची कौले वाऱ्याने पात्यांसारखी सुटली होती. १८८५च्या मोठ्या आगीनंतर गावाने छपरांवर तसली कौले घातली होती, आगीपासून बचाव म्हणून. त्या रात्री त्या कौलांनी रस्त्यावरची माणसे मारली.

संध्याकाळी खाडीचे पाणी आणि आखाताचे पाणी शहराच्या मधोमध एकमेकांना मिळाले. बेट उरलेच नाही. साडेसातच्या सुमारास काही क्षणांतच पाणी एकदम चार फूट चढले, हे आयझॅक क्लाइन यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. त्यांच्या भक्कम घरात पन्नासेक माणसे आसऱ्याला आली होती. वाचली ती अठरा. क्लाइन आणि त्यांच्या तिन्ही मुली वाचल्या. त्यांची गरोदर पत्नी गेली. तिचा देह महिनाअखेरीस सापडला, बोटातल्या अंगठीवरून ओळखता आला. क्लाइन यांना दोष देणे आज सोपे आहे. मला त्यांच्या लेखापेक्षा तो वाचून निवांत झोपलेले शहर जास्त आठवते. त्यांनी तेच लिहिले, जे सगळ्यांना ऐकायचे होते.

शहरापासून पश्चिमेला तीन मैलांवर, वाळूच्या टेकड्यांमध्ये, सेंट मेरीचे अनाथालय होते. १० जोगिणी आणि ९३ मुले. टेकड्या विरघळल्यावर जोगिणींनी कपडे वाळत घालायची दोरी कापली आणि मुलांना एकमेकांशी, आणि स्वतःच्या कमरेशी बांधून घेतले, कुणी सुटून जाऊ नये म्हणून. तीन मुलगे वाचले. बाकीची सगळी गेली; त्यांतली काही त्या दोरीला बांधलेलीच सापडली.

सुताराच्या घरात माळ्यावर एकवीस माणसे दाटीवाटीने बसली होती. खाली पाणी फोडलेल्या जमिनीतून वर-खाली होत होते, घर करकरत होते, पण जागा सोडत नव्हते. रात्री कधीतरी एक अजस्र धडधड जवळ येऊ लागली. समुद्राने किनाऱ्यालगतच्या घरांची पहिली रांग मोडून दुसरीवर लोटली, दुसरी तिसरीवर, आणि तो सारा लाकूडफाटा, छपरे, पियानो, माणसे, गुरे असा दोन मजली ढिगारा पुढे पुढे सरकत येत होता. म्हातारीने नातीचे कान दोन्ही हातांनी झाकले. धडधड शेजारच्या गल्लीपर्यंत आली. आणि तिथे थांबली.

सकाळी आकाश स्वच्छ निळे होते. सुतार माळ्याच्या खिडकीतून बाहेर पडला. समुद्राच्या बाजूला, जिथपर्यंत नजर जाईल तिथपर्यंत काहीच नव्हते, सपाट ओली वाळू. आणि मधे तो ढिगारा, मैलोन्मैल लांब, वळत गेलेला. त्याच्या अलीकडची घरे उभी होती. मोडकी, वाकडी, पण उभी. लाटांचा मार त्याने स्वतःवर घेतला होता.

सुतार त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला. त्यातल्या चौकटी त्याला ओळखू येत होत्या. अखेर गावाला भिंत मिळाली होती. ती घरांची आणि घरांतल्या माणसांची होती.

मेले किती हे कुणालाच नेमके कळले नाही. कमीत कमी ६,००० म्हणतात, १२,०००पर्यंतही जातात. बहुतेक जण ८,००० धरतात. कुठलाही आकडा घेतला तरी अमेरिकेच्या इतिहासातली ही नैसर्गिक आपत्तीतली सर्वांत मोठी प्राणहानी आहे. सुमारे ३,६०० घरे नष्ट झाली. मुख्य भूमीला जोडणारे सगळे पूल गेले. मृतदेह पुरणे शक्य नव्हते. सुमारे ७०० मृतदेह तराफ्यावर भरून खोल समुद्रात सोडले, तर लाटांनी ते परत किनाऱ्यावर आणून टाकले. मग जागोजागी चिता पेटल्या आणि कित्येक आठवडे पेटत राहिल्या. हे काम करायला कृष्णवर्णीय माणसांना बंदुकीचा धाक दाखवून धरून नेले गेले, त्यांची स्वतःची माणसे त्याच ढिगाऱ्यात असताना. शहराच्या धीराचे गोडवे गाताना ही गोष्ट वगळण्याची चाल आहे. वगळू नये.

सुतारानेही ढिगारा उपसला. बायको त्याला सापडली नाही.

तो आईच्या एका वाक्याची वाट बघत होता. 'मी सांगत होते ना', हे वाक्य ती आज बोलेल, उद्या बोलेल. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. रेड क्रॉसच्या क्लारा बार्टन ७८ वर्षांच्या वयात आल्या, मदत वाटून गेल्या. मुख्य भूमीवरच्या शेतकऱ्यांना त्यांनी स्ट्रॉबेरीची पंधरा लाख रोपे दिली. म्हातारी रोज रांगेत उभी राही, पीठ आणी, नातीला शिजवून घाली. ते वाक्य ती बोललीच नाही.

शेवटी एका रात्री तोच फुटला. "त्या बड्या लोकांनी तेव्हाच भिंत बांधली असती तर आज ती इथं असती."

म्हातारी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तेव्हा तू टेकडीची वाळू विकत होतास. आणि मी त्या पैशाचं जेवत होते."

"मला माहीत नव्हतं, आई."

"मला होतं. मी वर्षातून एकदा विचारायचे, आणि तू हसलास की माझंही समाधान व्हायचं. माझं विचारायचं काम झालं, असं वाटायचं मला. मीही त्यांच्यातलीच."

तो उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा लवकर कामावर निघाला.

शहर हलवावे, बेट सोडावे, असे म्हणणारे होते. राहणाऱ्यांनी मात्र या वेळी हंगामाची वाट पाहिली नाही. १९०१मध्ये जुनी नगरपालिका जाऊन कारभार एका छोट्या आयोगाकडे आला. हेन्री रॉबर्ट, आल्फ्रेड नोबल आणि एच. सी. रिप्ली या तीन अभियंत्यांनी जानेवारी १९०२मध्ये अहवाल दिला. १७ फूट उंच, तीन मैलांहून लांब काँक्रीटची भिंत. समुद्राकडची बाजू आत वळलेली, म्हणजे लाट वर चढून परत फिरेल. भिंतीसाठी १५ लाख डॉलरचे रोखे काढावे लागले. ते घ्यायला गावातलीच माणसे पुढे आली, त्यांत कारागीर होते, दुकानदार होते. सोळा वर्षांपूर्वी याहून श्रीमंत असलेल्या गावाला जे जमले नव्हते, ते अर्ध्या मोडलेल्या गावाने करायला घेतले. ऑक्टोबर १९०२मध्ये काम सुरू झाले आणि जुलै १९०४मध्ये पहिला टप्पा पुरा झाला.

पण अहवालात आणखी एक गोष्ट होती आणि ती मला भिंतीहून मोठी वाटते. नुसती भिंत पुरणार नव्हती. तिच्या मागचे शहरच उचलायचे होते.

दोन हजारांहून अधिक इमारती जॅक लावून वर उचलल्या. काही थोड्या इंचांनी, काही अकरा फुटांपर्यंत. चर्च, घरे, दुकाने, ट्रामचे रूळ, पाण्याचे आणि गॅसचे नळ, सगळे. सेंट पॅट्रिकचे ३,००० टनांचे चर्च ७०० जॅकवर पाच फूट चढवले. शंभर-शंभर माणसे एकाच वेळी आपापला जॅक एवढासा फिरवत, म्हणजे इमारतीला तडा जाऊ नये. मग बंदराच्या तोंडाशी उपसलेली पाणीमिश्रित वाळू खास खणलेल्या कालव्यातून बोटींनी शहरात येई आणि नळांतून घरांखाली सोडली जाई. पाणी निथळे, वाळू बसे. वाळूबरोबर मेलेले मासेही येत आणि दुर्गंधी हटत नसे. १९०३ ते १९११, आठ वर्षे, सुमारे ५०० चौक असे एकेक करून भरले. तोवर लोक आठ-दहा फूट उंचीवरच्या फळ्यांच्या पुलांवरून बाजारहाट करत. मुले त्यावरूनच शाळेत जात. रस्ते आणि नळ सरकारने उचलले; स्वतःचे घर मात्र ज्याचे त्याने, स्वतःच्या खर्चाने.

सुतार दिवसा लोकांच्या घरांखाली जॅक फिरवी, आणि त्या मजुरीतून स्वतःच्या घराचा खर्च जमवी. त्याच्या गल्लीची पाळी आली तेव्हा घर सहा फूट वर गेले. परसातले गुलाब खालीच राहिले. बायकोने लावलेले गुलाब. खाऱ्या पाण्याच्या त्या रात्रीनंतरही त्यांतल्या दोन झाडांनी धुमारे धरले होते. त्याने ठेकेदाराला विचारले, परसाएवढा चौकोन सोडता येईल का?

"तुमचा सोडला तर पाणी तिथून सगळ्यांकडे शिरेल," ठेकेदार म्हणाला.

सुतार घरी येऊन आईजवळ बसला. त्याला वाटले, ती काही मार्ग सांगेल. म्हातारी लेकीसारख्या सुनेला विसरली नव्हती. रोज संध्याकाळी त्या दोन झाडांना तीच पाणी घाली. ती म्हणाली, "ठेकेदार बरोबर बोलतोय."

खारी वाळू आली आणि गुलाब गेले. शहरातली जुनी झाडे अशीच गेली. पुढे गावातल्या बायकांनी संघटना करून वरून टाकायला माती आणवली, हजारो रोपे लावली, त्यांत खारा वारा सोसणारी कण्हेर मुद्दाम निवडली. म्हातारी त्या कामाला जाई, वाकता येत नव्हते तरी. १९०९च्या हिवाळ्यात ती गेली. जाण्याआधी कित्येक वर्षांत तिने भिंतीबद्दल एकदाही विचारले नव्हते.

पाहुणे परत येऊ लागले. १९११मध्ये भिंतीलगतच, समुद्राला तोंड करून, गॅल्व्हेझ हॉटेल उघडले. भिंतीमुळे समुद्र दिसेनासा होईल ही भीती खोटी ठरली. लोक भिंतीवरूनच फिरायला जाऊ लागले. मोठा कापूस-व्यापार मात्र पुढे हळूहळू ह्यूस्टनकडे गेला. त्या शहराने खोल कालवा काढून बंदर आपल्या दारी नेले. आणि भिंतीपुढची वाळू लाटा वर्षावर्षाने ओढून नेऊ लागल्या. ज्या किनाऱ्यासाठी भिंत टाळली होती तो भिंत झाल्यावर खरोखरच आक्रसला. मालकाची ती जुनी भीती अगदीच पोकळ नव्हती, हेही सांगितले पाहिजे.

ऑगस्ट १९१५मध्ये वादळ आले, जवळजवळ तसेच. सुताराची लेक आता बावीस वर्षांची. रात्रभर लाटा भिंतीवर आपटत होत्या आणि पाण्याचे लोट रस्त्यावर पडत होते. तिने घरातली कुऱ्हाड काढून हाताशी ठेवली होती. तिची गरज पडली नाही. भिंतीबाहेरची बहुतेक घरे गेली. मुख्य भूमीचा नवा पूल तुटला. समुद्राच्या बाजूची स्नानगृहे काड्यांसारखी मोडली. पण भिंतीमागच्या शहरात, जिथे पंधरा वर्षांपूर्वी हजारो गेले होते, तिथे या वेळी फार थोडी माणसे गेली.

आठवड्याभरात एक स्नानगृहवाला सुताराच्या दारात आला. नवे बांधायचे होते, जुन्याच जागी, पाण्यावर. कागदावर त्याने आराखडाच आणला होता. खाली कपडे बदलायच्या खोल्या, वर पाहुण्यांना रात्री भाड्याने द्यायच्या बारा खोल्या.

सुताराने कागद पाहिला. "खालचं बांधतो. वरचं नाही."

"का? आता भिंत आहे की, मिस्त्री."

"भिंत तुमच्या मागे आहे. पुढे नाही."

"वरच्या खोल्यांवरच तर धंदा आहे. तुम्ही नाही म्हणालात तर दुसरा बांधेल."

"बांधू दे. मग आयोगापुढं जाऊन मी विचारणार, तिथं झोपणाऱ्याला रात्री दोन वाजता भिंतीवर कोण आणणार? आणि उत्तर मिळेपर्यंत विचारणार. रोज जाईन. कामाचा खाडा झाला तरी चालेल."

मालक त्याच्याकडे बघत राहिला. लेक आतून पाणी घेऊन आली. तिने कागद उचलला, वरचा मजला पेन्सिलीने खोडला आणि मजुरीचा आकडा नव्याने मांडून दाखवला. मालकाने कपाळाला आठ्या घातल्या, हिशेब दोनदा तपासला.

"जमिनीच्या फळ्या तरी पक्क्या ठोकाल ना?"

"नाही," सुतार म्हणाला. "सैल ठोकणार. लाट आली की फळ्या सुटून जातील, खांब राहतील. फळ्या स्वस्त असतात."

"आणि टिकेल किती वर्षं?"

"पुढच्या वादळापर्यंत. तोवर तुमचे पैसे फिटतील. चालत असेल तर उद्या सकाळी खांब बघायला जाऊ."